तांतीचा चाटू

“कुठून घेतलास हा?”

तांतीने माझ्या हातातला चाटू असा हिसकावला की पातेल्यातलं खिमट माझ्या गाउनवर उडालं. कडेवरची ईरा दचकली आणि रडायला लागली.

“अंगणात नळापाशी होता,” मी म्हटलं. “माझ्या पळीचा दांडा निघाला, म्हणून घेतला. धुऊन घेतलाय, तांती.”

“धुऊन?”

ती तो घेऊन दाराशी उजेडात गेली. उलटासुलटा करून बघितला. दांड्यावरून टोकापर्यंत अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. मी खिमट खाली लागू नये म्हणून गॅस बंद केला आणि उभी राहिले. शेवटी तिने मोठा श्वास सोडला.

“हा होय,” ती म्हणाली. “असू दे.”

आणि चाटू परत पातेल्यात टाकून तिथेच माझ्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली. पाय पसरले. साठीला आलेली, अंगाने भरलेली बाई, चाळीस वर्षं शाळेत पोरांना रांगेत उभं केलेली. इतकी दमलेली मी तिला कधी पाहिली नव्हती.

वागादुगूतली ही गोष्ट. बुर्किना फासो. इकडे यवतमाळात अजूनही कुणाला सांगितलं की ‘म्हणजे आफ्रिकेत कुठे?’ विचारतात, आणि मी हाताने हवेत एक गोल काढून मध्ये बोट ठेवते. चारी बाजूंना दुसऱ्यांचे देश, समुद्र नाही. तांती म्हणायची, “फ्रेंच गेले तेव्हा सामानात समुद्र घेऊन गेले. ऊन राहिलं, ते जड होतं.” माझा नवरा पराग तिकडे कापसाच्या जिनिंगची यंत्रं बसवायला गेला होता. आम्ही दोघं कापसाच्या मुलखातले, म्हणून घरच्यांना वाटलं, पोरीला परकं वाटणार नाही. कापूस सारखाच होता, खरं आहे. बाकीचं सगळं मी चौदा महिन्यांची पोर कडेवर घेऊन खिडकीतून शिकत होते. पुण्यात कॉलेजात असताना हौसेने फ्रेंच केलं होतं, तेवढंच कामाला आलं.

त्या आठवड्यात पराग बोबो नावाच्या दुसऱ्या शहरात, कारखान्यावर. कापसाचा हंगाम सुरू झालेला. मी आणि ईरा घरमालकिणीच्या आवारातल्या दोन खोल्यांत. घरमालकीण म्हणजे फिलोमेन सावादोगो. तिथे थोरल्या बाईला तांती म्हणतात, म्हणजे आपली मावशीच. पहिल्या दिवशी मी ‘मादाम’ म्हटलं तर म्हणाली, “मादाम वर्गात. इथे तांती.”

“मग एवढं काय झालं?” मी ईराला थोपटत विचारलं. “चाटूच तर आहे.”

“चाटूच तर आहे,” तिने माझी नक्कल केली. “काल मी कुठे गेले होते?”

“मोर्चाला.”

“काय घेऊन?”

तेव्हा माझ्या लक्षात आलं.

आदल्या दिवशी, सोमवारी, मी फाटकाच्या फटीतून पाहिलं होतं. शेकडो बायका रस्त्याने चालल्या होत्या आणि प्रत्येकीच्या हातात लाकडी चाटू, उलटा, आभाळाकडे धरलेला. तिकडे बाजरीच्या पिठाचं ‘तो’ नावाचं घट्ट अन्न रोज शिजतं, आपल्या घाट्यासारखं. ते घोटायचा हा चाटू. राष्ट्राध्यक्ष सत्तावीस वर्षं खुर्चीवर होते. आता संविधान बदलून आणखी बसायचा बेत होता आणि गुरुवारी संसदेत त्यावर मत पडणार होतं. म्हणून बायका निघाल्या होत्या. तांती त्यांच्यात होती. संध्याकाळी परतली ती तांबड्या धुळीने गुडघ्यापर्यंत माखलेली. ओसरीवर बसली आणि एकच वाक्य बोलली होती: “कासिमीर होता समोर. ढाल घेऊन.”

कासिमीर तिचा मुलगा. एकुलता. जांदार्मरीत म्हणजे निमलष्करी पोलिसांत होता. रविवारी जेवायला यायचा तेव्हा ईराला खांद्यावर बसवून आंब्याच्या झाडाखाली फिरवायचा.

“ऐक,” तांती म्हणाली. “आमच्यात बाई रागावली तर बोलते. फार रागावली तर रडते. त्याच्याही पलीकडे गेली तर चाटू उचलते. ज्याच्यावर उचलला त्याचं बरं होत नाही. म्हणून आम्ही कधी उचलत नाही. माझ्या आईने आयुष्यात उचलला नाही, आणि माझा बाप काही देवमाणूस नव्हता.”

“आणि एकदा उचलला की?”

“मग तो भांड्यात जात नाही. ज्यासाठी उचलला ते होईपर्यंत नाही. भांड्यात गेला, घोटलं, कुणी खाल्लं, की संपलं. राग परत घेतला.”

“तांती!” मी जवळजवळ ओरडले. “आणि मी तो खिमटात घातला!”

“तुला काय माहीत, पोरी. असू दे म्हटलं ना.”

किती मोठं मन, असं मला वाटलं. डोळ्यांत पाणीच आलं. ती कसनुशी हसली आणि विषय बदलावा तसं म्हणाली, “तुमच्याकडे बायका काय उचलतात?”

“लाटणं,” मी म्हटलं. डोळे पुसत तिला आमच्या पराडकर आजीची गोष्ट सांगितली. आजी लग्नानंतर काही वर्षं मुंबईला होती. महागाईने जीव मेटाकुटीला आलेला, रॉकेल नाही, साखर नाही. तेव्हा बायकांनी लाटणी घेऊन मोर्चे काढले होते. आजीही गेली होती, आजोबांना न सांगता. थाळीवर लाटणं बडवत मंत्रालयापर्यंत.

“शाब्बास!” तांती सरसावून बसली. “कुणाला मारलं?”

“कुणाला नाही. नुसतं वाजवलं.”

“बरं. मग घरी येऊन लाटणं कुठे ठेवलं?”

“कुठे म्हणजे? संध्याकाळी पोळ्या केल्या.”

“त्याच लाटण्याने?”

“हो.”

“त्याच दिवशी?”

“आजोबांना सहाला जेवायला लागायचं.”

तिने कपाळावर हात मारला. “अरे देवा. मग सरकार कसं पडेल!”

आम्ही दोघी इतक्या हसलो की ईरा रडायची थांबून बघत बसली. मग तांतीने कमरेचा फोन काढला, कासिमीरचा नंबर लावला, कानाशी धरून बसली. पलीकडे घंटी वाजत होती ती मलाही ऐकू येत होती. कुणी उचलला नाही.

“काल त्याने पाहिलं तुला?” मी विचारलं.

“मी त्याला पाहिलं. पुरे नाही का?”

बुधवारी ईराला ताप चढला.

पावसाळा नुकताच सरलेला, डासांचे दिवस. मी पहिल्यापासून याच दिवसाला भीत होते. मच्छरदाणीच्या चारी कडा गादीखाली खोचायची, खोचल्या की नाही पुन्हा बघायची. पराग हसायचा. गल्लीतल्या नर्सने बोट टोचून सांगितलं, मलेरिया. गोळ्या कुस्करून दिल्या, त्या उलटीत पडल्या. पुन्हा दिल्या, पुन्हा पडल्या. गुरुवारी सकाळी ती रडेनाशी झाली. मी तिच्या तळव्यात बोट ठेवलं. ती नेहमी पकडायची. पकडलं नाही.

मिशनच्या सिस्टरांच्या दवाखान्यात फोन लावला. तिथल्या सिस्टर म्हणाल्या, “आणा लगेच. सुईनेच द्यावं लागेल. पण इकडून कुणी येऊ शकत नाही, मादाम. मोठा रस्ता बंद आहे.”

मोठा रस्ता बंद आहे हे मला दिसतच होतं. शहराच्या मध्यावर काळा धूर उभा होता. मत पडायच्या आतच लोकांनी संसद पेटवली होती, असं गल्लीतली पोरं ओरडत गेली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी टायर जळत होते. पलीकडे हमरस्त्यावर जांदार्म, अश्रुधूर, मधूनच गोळीचा आवाज. टॅक्सी नाही. दवाखाना रस्त्याच्या त्या बाजूला, एरवी ईराला घेऊन मी चालत गेले असते.

परागचा फोन आला. “दार लावून बस. खिडकीपाशी जाऊ नकोस. मी निघायचं बघतो, पण गाड्या बंद आहेत.”

“पराग, ती बोट पकडत नाहीये.”

“तांतीला विचार,” तो म्हणाला.

तांती माझ्या शेजारीच उभी होती. तिने ईराच्या पापण्या वर करून पाहिल्या. “तुझा फोन दे,” ती म्हणाली. “माझा नंबर तो उचलत नाही.”

कासिमीरने माझा उचलला. तांती त्यांच्या मोरे भाषेत बोलली. दोन वाक्यं बोलली असेल, मग फक्त ऐकत राहिली, मग फोन मला परत दिला.

“येतोय.”

“काय म्हणाला?”

“येतोय म्हटलं ना.”

वाट पाहताना ती कधी नव्हे ते बोलत राहिली, तिला गप्प बसवेना म्हणून असेल. “तो दिवसही गुरुवारच होता,” ती म्हणाली. “सत्त्याऐंशीचा. आमचा कॅप्टन तेव्हा राष्ट्राध्यक्ष होता, त्याला ह्या आताच्याच्या लोकांनी मारलं. कॅप्टनने देशाचं नाव बदललं होतं ना, प्रामाणिक माणसांचा देश. नाव आधी ठेवलं, माणसं अजून यायची आहेत.” मग एकदम हसू आलं तिला. “एक दिवस त्याने हुकूम काढला, आज नवरे बाजारात जातील आणि रांधतील. माझा नवरा कांदे आणायला गेला तो बकरीचं पिल्लू घेऊन आला. म्हणे, स्वस्त होतं.” तिने ईराच्या कपाळावरची घडी बदलली. “कॅप्टनला मारलं तेव्हा कासिमीर पोटात होता. मी म्हटलं, हा जन्मेल तेव्हा सगळं नीट लागलेलं असेल.”

फाटकाशी मोटारसायकल थांबली.

कासिमीर बाहेरच उभा राहिला. गणवेशावर साधा चौकड्याचा शर्ट चढवलेला, गल्लीतल्या पोरांनी ओळखू नये म्हणून. चेहरा धुराने काळवंडलेला, डोळे लाल. मी ईराला कापडाने छातीशी बांधून तयारच होते. धावत गेले तर त्याने हात पुढे केला.

“थांबा, मादाम.” आणि माझ्यावरून आईकडे पाहिलं. आता तो फ्रेंचमध्ये बोलत होता, का ते मला कळलं नाही. कदाचित आईशी मोरेत हे बोलणं त्याला जमत नसेल. “आधी तो चाटू भांड्यात घाल.”

“पोर बघ, कासिमीर.”

“पोराला नेतो. नेणारच आहे. पण आधी तो घाल.”

“तुझ्यावर नव्हता उचलला.”

“माझ्या समोर होतीस तू! पहिल्या रांगेत! बाजूचा शिपाई म्हणाला, ही तुझी आई ना? तेव्हापासून माझ्या शेजारी कुणी उभं राहत नाही, आई. डबा खायला बसत नाही. इथून मला राष्ट्राध्यक्षांच्या घराकडे जायचंय. सगळा जमाव तिकडेच चाललाय. सकाळपासून माणसं पडतायत. तो चाटू डोक्यावर घेऊन मी जाणार नाही.”

सव्वीस वर्षांचा बाप्या, कमरेला पिस्तूल, आणि हनुवटी थरथरत होती.

“तो मी एकटीने नाही उचलला,” तांती म्हणाली. आवाज शाळेतला होता, पण हळू. “सगळ्यांनी मिळून उचलला. मी एकटीने परत कसा ठेवू? त्यांना काय सांगू, माझा मुलगा पलीकडे होता?”

“हो! सांग!”

“बाकीच्यांचे नव्हते?”

दोघं एकमेकांकडे बघत उभी राहिली. मध्ये मी. ईराचा श्वास माझ्या गळ्याला लागत होता, गरम आणि उथळ. मला त्या क्षणी त्या दोघांचा, त्यांच्या संसदेचा, त्यांच्या सत्तावीस वर्षांचा इतका संताप आला की मी मराठीतच काहीतरी बोलले. मग फ्रेंच आठवलं.

“गेलाय तो भांड्यात!” मी ओरडले. “मंगळवारीच गेलाय! मी घातला. मला माहीत नव्हतं. नळापाशी होता, मी धुतला, खिमट ढवळलं, हिने खाल्लं. ही बघा, हिनेच खाल्लं!”

कासिमीर आईकडे वळला.

“खरं?”

तांतीने माझ्याकडे पाहिलं. तिचं ते बघणं मी नंतर खूपदा आठवलं. तेव्हा मला वाटलं, चारचौघांत तिचं गुपित फोडलं म्हणून रागावली. ईराचा एक पाय कापडाबाहेर लोंबत होता. तांतीने तो हळूच आत सारला.

“तिने घातला,” ती म्हणाली. “मी येईपर्यंत ढवळूनही झालं होतं.”

“शपथ घे.”

“आईला शपथ घालतोस?” एवढं बोलून ती आत गेली. बाहेर आली तेव्हा एका हातात दुपारच्या ‘तो’चं भांडं होतं आणि दुसऱ्या हातात तो चाटू, माझ्या स्वयंपाकघरातून आणलेला. तिने आमच्यासमोर भांड्यातला गोळा त्याने मोडला, घोटला, आणि भांडं पुढे केलं. “खा.”

त्याने उभ्या-उभ्या खाल्लं. थंड, कोरडं, बरोबर कालवण नाही. घास घशाखाली उतरत नव्हता तरी चावत होता. तांती त्याच्या तोंडाकडे बघत होती, लहान पोराने भांडं पुसून खाल्लं की नाही बघावं तशी. आणि मी? मी त्याच्या प्रत्येक घासाचा तिरस्कार करत होते. लवकर गीळ, मेल्या, लवकर गीळ, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

त्याने हात पँटला पुसला. “बसा, मादाम. मला घट्ट धरा.”

गल्लीच्या तोंडाशी पोरांनी अडवलं. हातात दगड, तोंडाला फडकी. “कोण? कुठे?” मी कापड बाजूला करून ईराचा चेहरा दाखवला. एकाने काठीने जळता टायर बाजूला ओढला. “जा, जा, आई, जा.” हमरस्त्याच्या अलीकडे कासिमीरने चौकड्याचा शर्ट काढून माझ्या हातात दिला, आणि आम्ही दुसऱ्या बाजूच्या लोकांत शिरलो.

“कुठे होतास रे?” ढालीमागून एकाने विचारलं. “आणि ही कोण?”

“माझी भाची आहे. आजारी.”

“भाची?” त्याने ईराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, माझ्या कपाळावरच्या टिकलीकडे पाहिलं. “ही?”

“भाची म्हटलं ना.”

तो माणूस हसला. तशा त्या धुरात हसला आणि ढाल तिरकी करून त्याने वाट दिली.

दवाखान्याच्या दारात मी उतरले. सिस्टरने ईराला माझ्याकडून जवळजवळ ओढूनच घेतलं. मी आत धावणार तेवढ्यात त्याने हाक मारली.

“मादाम. खरंच खाल्लं ना हिने त्यातलं?”

“खाल्लं,” मी म्हटलं. “वाटी चाटून खाल्लं.”

त्याने मान हलवली. शर्ट माझ्या हातातच राहिला. मोटारसायकल वळवून तो गेला, जिकडे गोळ्यांचा आवाज होता तिकडे.

सुई लागली. सलाईन लागलं. संध्याकाळी कधीतरी मी तिच्या तळव्यात बोट ठेवलं आणि तिने ते धरलं, अगदी हलकं. मी त्या बाकावर बसल्या-बसल्या झोपून गेले, बोट तसंच ठेवून.

दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्ष देश सोडून गेले. रेडिओवर सांगितलं तेव्हा दवाखान्यातल्या नर्सा एकमेकींच्या गळ्यात पडून नाचल्या, एक डॉक्टर भिंतीला टेकून रडत होता, आणि मी पराग येईल तेव्हा रस्ते उघडले असतील का याचा विचार करत होते. घरी परतले तर गल्लीतले लोक रस्ता झाडत होते, जळक्या टायरांच्या तारा गोळा करत होते. तांतीच्या हातात लांब दांड्याचा खराटा. “चाटू झाला, आता झाडू,” ती म्हणाली आणि ईराचा मुका घेतला. कासिमीर सुखरूप होता. रविवारी जेवायला आला. लाजत-लाजत शर्ट मागितला.

पुढच्या मार्चमध्ये आम्ही परत यायला निघालो. परागला अजून एक वर्ष मिळत होतं, मीच नको म्हटलं. निघायच्या सकाळी ईराची बाहुली शोधत मी तांतीच्या खोलीत गेले. एरवी ती आम्हाला ओसरीपर्यंतच बोलवायची. बाहुली दारामागे पडली होती. वाकले, आणि तिथे कोपऱ्यात एक चाटू उलटा उभा होता.

पसरट बाजूला तांबडी धूळ वाळून पापुद्रे धरलेली. त्याला पाणी लागलेलं नव्हतं. दांड्याचं टोक फुटलेलं आणि त्यावर बारीक तार गुंडाळलेली. त्या मंगळवारी तांतीचा अंगठा माझ्या हातातल्या चाटूच्या टोकाशी काय शोधत होता ते मला तेव्हा कळलं.

तांती मागे येऊन उभी राहिली होती.

“रस्त्यावर आपटून फुटला,” ती म्हणाली. “सोमवारी. तार मीच बांधली.”

“म्हणजे माझ्याकडे होता तो…”

“तो रोजचा. घरातला.”

“आणि कासिमीरने…”

“पोटभर खाल्लं.”

बाहुली हातात घेऊन मी तिच्या पलंगाच्या कडेवर बसले. बाहेर पराग टॅक्सीवाल्याशी सामानावरून घासाघीस करत होता.

“तांती, मला खरंच माहीत नव्हतं. मी खोटं नाही बोलले.”

“तू नाही बोललीस.”

“सांगितलंस त्याला?”

“काय सांगू? आता तो फोन उचलतो. रविवारी दोनदा मागून घेतो.”

“पण तांती, आता तो माणूस गेला ना. ज्यासाठी उचलला ते झालं. आता तरी घाल हा भांड्यात. कुणाला न सांगता घाल. म्हणजे…”

म्हणजे काय, ते मला म्हणता आलं नाही. तिने माझ्या हातातून बाहुली घेतली, तिचं झबलं सारखं केलं.

“माणूस गेला, पोरी. खुर्ची तिथेच आहे. पुन्हा लागेल.” मग बाहुली परत दिली. “टॅक्सी थांबणार नाही. चल.”

तिने मला एक नवा चाटू दिला, बाजारातून आणलेला, कागदात गुंडाळून. तो माझ्या ट्रॉलीच्या वर ठेवलेला आहे. वापरला नाही कधी. आपल्या पातेल्यांना मोठा पडतो.

त्यानंतरचं मी इथूनच बघितलं, मोबाइलवर. सहा महिन्यांत राष्ट्राध्यक्षांच्या जुन्या रक्षकांनी बंड केलं, ते मोडलं. निवडणूक झाली. मग उत्तरेकडून बंदूकवाले यायला लागले. गावं रिकामी झाली, शाळा बंद पडल्या. तांती महिन्यातून एकदा व्हॉट्सअॅपवर आवाज पाठवायची: ईरा शाळेत जाते का, इकडे आल्यावर झालेल्या धाकट्याला दात आले का, कासिमीरची बदली उत्तरेला झाली. दोन हजार एकवीसच्या पावसाळ्यानंतर तिचे आवाज येणं थांबलं. कासिमीरच्या चौकीवर पहाटे हल्ला झाला होता, त्यात तो गेला. मला तिच्या शाळेतल्या एका बाईंनी कळवलं. मी फोन केला, तर तांती म्हणाली, “हो. हो. ईरा कशी आहे?” आणि फोन ठेवला.

मग जानेवारीत बातमी आली, तिकडे सैनिकांनी सत्ता घेतली. मी पोळ्या करत होते. हात पिठाचे तसेच, फोन लावून स्पीकरवर ठेवला.

“बघतेयस का?” तांतीचा आवाज जवळून आला. म्हातारा झाला होता. “गणवेशातली माणसं टीव्हीवर आलीत. एक कागद वाचतोय. मी आवाज बंद केलाय. तोंड हलतंय नुसतं.”

“लोक रस्त्यावर आलेत म्हणे.”

“आलेत. नाचतायत.”

“तू नाही ना गेलीस?”

“काय घेऊन जाऊ?”

मी लाटायची थांबले.

“तो भांड्यात गेला, पोरी,” ती म्हणाली. “कासिमीरच्या दिवसाला. सगळे आले होते, गावाकडचे, बराकीतले. भांडं मोठं, घरचा चाटू पुरेना. दारामागून काढला. धुतला. घोटलं, सगळ्यांना वाढलं. तार हाताला खुपत होती. ती मात्र नाही काढली.”

मला काही बोलायचं होतं. मंगळवार, गुरुवार, ईराचा लोंबणारा पाय. फ्रेंचमधले साधे शब्दही आठवेनात.

“ईरा जेवली?” तिने विचारलं.

“बसलीय ताटावर. वाट बघतेय.”

“मग वाढ ना तिला. फोनवर काय बोलत बसलीस.”

फोन बंद झाला. पोळपाटावर अर्धी लाटलेली पोळी होती, कडा वाळायला लागल्या होत्या. तवा तापून धूर येत होता.

“आई, पोळी,” ईरा म्हणाली. “आई. देतेस ना?”

“देते,” मी म्हटलं. लाटणं हातातच होतं.